जुना ट्रॅव्हल ट्रेलर कमी पैशांत उभा करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिशिगनमध्ये कलमाझूच्या दक्षिणेला एका शेताच्या कडेला आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, उभा होता. १५ फुटी, १९६७ सालचा, एका खिडकीतून वेल आत शिरलेला. आम्ही तो ९०० डॉलरला घेतला आणि दोन उन्हाळे खपून, खरेदी धरून ४,३०० डॉलरमध्ये रस्त्यावर आणला. तेव्हापासून गणपतीच्या आरतीनंतर, पॉटलकच्या रांगेत, मुलांच्या मराठी शाळेबाहेर तेच ते प्रश्न विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

पहिल्या उन्हाळ्यात बाबा राजापूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. ते सुतार नव्हेत, पोस्टातून निवृत्त झालेत. पण कोकणातलं कौलारू घर पन्नास वर्षं सांभाळलेला माणूस गळतीच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. खालच्या उत्तरांतली निम्मी अक्कल त्यांची आहे.

कुठला ट्रेलर घ्यावा? एअरस्ट्रीम मिळाला तर?

मिळाला तर फोटो काढा आणि पुढे व्हा. एअरस्ट्रीम हा चकचकीत ॲल्युमिनियमचा नावाजलेला ट्रेलर दिसायला देखणा, पण त्याचं मोडकं टरफलसुद्धा हजारोंत जातं. शिवाय त्याची प्लायवुडची जमीन ॲल्युमिनियमचं कवच आणि लोखंडी चेसिस यांच्यामध्ये चिमटलेली असते. ती कडेने कुजली की नीट दुरुस्तीसाठी अनेकदा अख्खं कवच उचलावं लागतं. ते घराच्या ड्राइव्हवेवर करायचं काम नाही.

फायबरग्लासचे अंड्यासारखे छोटे ट्रेलर दोन अर्ध्या भागांचे असतात. सांधे कमी, म्हणून गळती कमी, आणि म्हणूनच भाव जास्त.

हात आखडता असेल तर १९५० ते १९७० च्या दशकांतले, लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा मारलेले ट्रेलर बघा. हॅमच्या डब्यासारखा आकार म्हणून इथे त्यांना ‘कॅन्ड हॅम’ म्हणतात. ते स्वस्त असतात कारण बहुतेक सगळे कुजलेले असतात. पण ते साध्या लाकडाने, साध्या हत्यारांनी दुरुस्त होतात. १३ ते १६ फूट लांबी पुरे. प्रत्येक वाढीव फुटाला पत्रा, प्लायवुड आणि टेप लागते, हे लक्षात असू द्या. खालची सगळी उत्तरं याच जातीच्या ट्रेलरांची आहेत.

बघायला जाताना काय तपासायचं?

पाणी. बाकी सगळं नंतर.

दार उघडल्याबरोबर वास घ्या. बंद गोडाऊनचा वास चालेल, ओल्या पोत्याचा चालणार नाही. मग वरचे चारही कोपरे, खिडक्यांच्या खालची पट्टी, छपरातल्या झरोक्याच्या कडा आणि बाहेरच्या छोट्या पिवळ्या-लाल दिव्यांच्या मागची जागा बघा. त्या दिव्यांच्या तारेसाठी पत्र्याला भोक पाडलेलं असतं आणि पन्नास वर्षांत त्याकडे कुणी पाहिलेलं नसतं.

बाबांनी काय केलं, तर बोटाच्या पेराने भिंत ठोकत एक फेरी मारली, फणस पिकला का बघतात तशी. खणखणीत आवाज आला तिथे पुढे, बद्द आवाज आला तिथे खडूची फुली. दारात उभा असलेला मालक आधी हसत होता. सतराव्या फुलीला त्याने स्वतःहून दोनशे डॉलर उतरवले.

खाली वाकून चेसिस बघा. वरवरचा गंज चालतो. हातोडीने हलकं ठोकल्यावर खपल्या पडून भोक दिसलं, किंवा पुढच्या त्रिकोणी दांड्याच्या वेल्डिंगला चीर दिसली, तर ट्रेलर फुकट मिळत असला तरी घेऊ नका. लाकूड तुम्ही बदलू शकता. चेसिस बदलायला वेल्डर लागतो आणि सगळं बजेट तिथेच संपतं.

आतून नुकताच रंग मारलेला, नवा वॉलपेपर लावलेला, उशांवर फ्लेमिंगो असलेला ट्रेलर दिसला तर जास्तच सावध व्हा. कुजका, उघडावाघडा ट्रेलर परवडला. तो खोटं तरी बोलत नाही.

मालकाकडे कागद नाहीत. घ्यावा का?

आधी तुमच्या राज्याच्या वाहन खात्याला विचारा, मग पैसे द्या. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. काही राज्यांत हलक्या ट्रेलरला टायटल, म्हणजे मालकीचा कागदच लागत नाही, सही केलेली विक्रीची पावती पुरते. काहींत टायटलशिवाय नंबरप्लेट मिळवायची म्हणजे महिनोन्‌महिन्यांचं झेंगट.

पुढच्या लोखंडी दांड्यावर, बहुधा डाव्या बाजूला, कोरलेला क्रमांक शोधा. गंजाखाली असेल तर तारेच्या ब्रशने घासा. हा क्रमांक १७ आकडी नसला तर दचकू नका. १७ आकड्यांची पद्धत १९८१ पासूनची आहे. कागदावरचा आणि लोखंडावरचा क्रमांक जुळला पाहिजे, एवढं मात्र तिथेच उभं राहून तपासा.

एकूण खर्च किती येतो?

आमचा हिशेब सांगते. खरेदी ९०० डॉलर. टायर, बेअरिंग, ब्रेक आणि मागचे दिवे ७८०. लाकूड-प्लायवुड ८६०. टेप, सीलंट, स्क्रू आणि छपराचा लेप ४१०. वीज ५२०, गॅस १६०. गाद्या, पडदे, रंग सगळं मिळून २९०. हत्यारं २४०, आणि किरकोळ म्हणून वहीत लिहिलेले १४०.

गाद्या-पडद्यांचा आकडा टेपच्या आकड्यापेक्षा लहान आहे. आमच्या ओळखीत ज्यांचे ट्रेलर अर्ध्यावर राहिले, त्यांच्या वह्यांत बरोबर उलटं होतं. पैसे संपायच्या आधी जे काम झालेलं असेल, तेवढाच ट्रेलर तुमच्या हातात राहतो. म्हणून पैसे टवटवीत असताना चाकं आणि छप्पर उरकून घ्या.

आमची स्वतःची मजुरी यात धरलेली नाही. ती धरली असती तर नवा ट्रेलर आला असता, असं माझा नवरा अजून म्हणतो.

सुरुवात कुठून करायची? आम्ही आतून उचकटायला सुरुवात केली आहे.

थांबा! ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे आणि जवळजवळ सगळे ती करतात.

हे ट्रेलर आतून बाहेर बांधलेले असतात. कारखान्यात आधी लोखंडी चेसिसवर जमीन टाकत. मग पाऊण इंच जाडीच्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्याला आतल्या बाजूने एक अष्टमांश इंचाचा बर्च प्लायवुड. कपाटं, ओटा, बाकडी बसवून त्यांचे कित्येक स्क्रू भिंतीच्या बाहेरच्या बाजूने मारलेले. मग वायरी, मग ऊब राखायला फायबरग्लासच्या लोकरीचा पातळ थर आणि सगळ्यात शेवटी बाहेरून पत्रा. म्हणजे कपाट आतून ओढून काढायला गेलात तर स्क्रू सापडतच नाहीत आणि फळ्या मात्र फाटतात.

म्हणून दुरुस्ती बाहेरून करायची. पत्रा उतरवला की सांगाडा एक्स-रेसारखा समोर येतो. कुठे काय कुजलंय ते दिसतं आणि आतली चांगली कपाटं जागची हलत नाहीत. आमचा मूळ बर्चचा ओटा अजून तसाच आहे, मधासारखा रंग चढलेला.

एका वेळी एकच बाजू उघडा. चारही बाजूंचा पत्रा एकदम काढला तर कुजका सांगाडा पत्त्यांच्या बंगल्यासारखा कलतो, आणि एकदा आकार गेला की जुना पत्रा पुन्हा बसत नाही.

पत्रा काढायचा कसा?

आधी फोटो. मग अजून फोटो. प्रत्येक तुकड्यावर मागून मार्करने क्रमांक आणि वरच्या दिशेला बाण.

कोपऱ्यांवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत एक रबरासारखी चपटी दोरी खोचलेली असते. ती ओढून काढली की खाली स्क्रूंची रांग दिसते. निम्मे स्क्रू सहज निघतील, उरलेल्यांची डोकी तुटतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दिवे, खिडक्या, दार उतरवा आणि मग पत्रे वरून खाली काढत या. वरच्या पत्र्याची कड खालच्यावर चढलेली असते, कौलांसारखीच, त्यामुळे लावताना उलट, खालून वर. सांध्यातल्या लपलेल्या पिना चपट्या पेचकसाने हळूच उचकटा.

पत्रा फार पातळ आणि लांब असतो. मधोमध धरून एकट्याने उचलला की कायमची घडी पडते. दोन टोकांना दोन माणसं हवीतच. काढलेले पत्रे गवतावर पसरून ठेवू नका. शेजारच्यांचा कुत्रा आमच्या मागच्या पत्र्यावर नाचून गेला, त्याच्या खुणा अजून आहेत.

लाकूड कितपत बदलायचं? भराव घालून भागेल का?

पेचकस टोचून बघा. टोक आत रुतलं की ते लाकूड गेलं. जिथे थांबेल तिथून पुढे सहा-आठ इंच चांगलं लाकूड धरून कापा. लाकूड कडक करणारं इपॉक्सी मिळतं, पण ते महाग असतं आणि स्क्रू धरणाऱ्या पट्टीत त्याचा उपयोग बेताचा. नवी पट्टी दोन-तीन डॉलरला पडते.

कुजलेला तुकडा फेकण्याआधी प्लायवुडवर ठेवून त्याची कड पेन्सिलने उतरवून घ्या. पुढच्या-मागच्या गोलाईचा दुसरा नकाशा जगात कुठेही नाही. आमची पुढची गोल कमान हातात घेतल्याबरोबर भुसा झाली. मग मागच्या बाजूची, उलटी धरून, तीच गोलाई आहे असं बाबांनी शोधून काढलं. सगळ्या ट्रेलरांत अशी सोय नसते.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. कुजत नाही म्हणून हिरवट, दाबाखाली रसायन मुरवलेलं लाकूड सांगाड्याला वापरू नका. त्यात तांब्याचे क्षार असतात आणि ओल लागली की ते ॲल्युमिनियमचा पत्रा खातात. साधं सुकं पाइन किंवा फर घ्या. किडीची, बुरशीची धास्ती असेल तर बोरेट या कीड-बुरशी रोखणाऱ्या क्षाराचं पाणी मारा आणि पूर्ण सुकू द्या.

पत्रा परत बंद करण्याआधी लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र आणा, तीसएक डॉलरला मिळतं. आकडा २० टक्क्यांच्या वर असेल तर थांबा, पंखा लावा. ओलं लाकूड पत्र्याआड बंद करणं म्हणजे बुरशीला भाड्याने खोली देणं. आम्ही ऑगस्टमधले बारा दिवस नुसते पंखा लावून बसलो. बाबा तेवढ्या वेळात खिडक्यांच्या जाळ्या विणत होते.

फटींना सिलिकॉन लावलं तर चालेल?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि उत्तर दर वेळी तेच आहे.

ट्रेलर रस्त्यावर सतत लवतो, पत्रा उन्हात ताणतो, थंडीत आकसतो. सिलिकॉन एका कडेने सुटतं, बाहेरून दिसत नाही आणि पाणी आत घेऊन धरून ठेवतं. त्यावर पुढे काहीच चिकटत नाही, खुद्द नवं सिलिकॉनसुद्धा नाही. आधीच्या मालकाने आमच्या छपरावर त्याच्या तीन ट्यूबा ओतल्या होत्या. ते खरवडण्यात माझे चार शनिवार गेले.

प्रत्येक खिडकी, दिवा, झरोका आणि कोपऱ्याची पट्टी काढून तिच्या मागे ब्यूटाइलची टेप लावायची, मग स्क्रू आवळायचे. ही टेप राखाडी किंवा काळी, च्युइंगगमसारखी चिवट असते. दोन दिवस उन्हात राहू द्या, स्क्रू पुन्हा आवळा, बाहेर आलेला टेपचा ओघळ प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाका. दुकानात शेजारच्याच खणात तशीच दिसणारी पुट्टी टेप स्वस्त मिळते. ती काही वर्षांत वाळून चिरते. या एका ठिकाणी पैसे वाचवू नका.

छपरावरच्या आडव्या सांध्यांना आपोआप सपाट होणारं ट्रेलरसाठीचं खास सीलंट आणि सगळ्यावर पांढरा ॲक्रिलिक लेप. लेप हा रेनकोट आहे. फाटलेल्या सदऱ्यावर चढवला तरी सदरा फाटकाच राहतो, म्हणून सांधे आधी.

काम चालू असताना ताडपत्री टाकून ठेवू का?

घट्ट आवळून नको. खाली वाफ कोंडते आणि वाऱ्यावर फडफडून पत्र्याचा रंग जातो. बाबांनी शेजाऱ्याचे बांबू मागून आणले आणि कोकणात पावसाआधी पडवीला झडी बांधतात तसा वरच्यावर मांडव घातला. चहूबाजूंनी वारा खेळता राहिला. एचओएवाल्यांचं, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीचं, पत्र आलं, पण ट्रेलर कोरडा राहिला.

टायर चांगले दिसतात. बदलायलाच हवेत का?

टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे; तो फोटोपुरता ठेवा. ट्रेलरचे टायर झिजून नाही, उभे राहून मरतात. सहा वर्षांच्या वरचे असतील तर नक्षी कितीही कोरी असली तरी बदला. घेताना एसटी, म्हणजे ट्रेलरसाठीचे, वजन पेलणारे घ्या.

त्याच वेळी ड्रम उघडा. बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुवा, रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे असतील तर नवी घ्या, ग्रीस तळहातावर घेऊन आतपर्यंत भरा आणि मागचं सील नवं टाका. दोन्ही चाकांचं सामान साठ-सत्तर डॉलरमध्ये येतं. न केल्यास हायवेवर चाक सुटतं, ही अतिशयोक्ती नाही. चाक परत बसवल्यावर नट १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा आवळायचे. प्रवासात प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन बघायचा. एक बाजू दुसरीपेक्षा फार तापली असेल तर पुढे जायचं नाही.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बहुतेक राज्यांत ठराविक वजनाच्या पुढे सक्तीचे आहेत, अनेक ठिकाणी ३,००० पौंडांपासून. आमचा ट्रेलर त्याच्या आतला आहे. तरी आम्ही ब्रेक केले. पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, सरळ झाले असतील तर तेही याच वेळी.

आमच्या सिएनाला झेपेल का?

कुठल्या सालची आहे? २०२० पर्यंतची सिएना, म्हणजे टोयोटाची मिनिव्हॅन, ओढण्याची सोय बसवलेली असेल तर, ३,५०० पौंड ओढते. २०२१ पासूनची हायब्रिड फक्त १,५००. दिसायला गाडी तीच, पण अर्ध्याहून जास्त ताकद गेली. तुमच्या गाडीचं पुस्तक उघडा, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

ट्रेलरच्या पाटीवरचं वजन पन्नास वर्षांपूर्वीचं, रिकाम्याचं असतं. तुमचा नवा प्लायवुड, बॅटरी, पाणी आणि कुकर त्यात नाही. ट्रकवाल्यांच्या थांब्यांवर वजनकाटा असतो, थोडक्या डॉलरांत पावती मिळते.

आणि दांड्यावरचं वजन. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडावर, यायला हवा. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, बैलांच्या मानेवरचं जू उचललं जातं. पुढे जास्त झाला की धुरजड. उलाळ ट्रेलर साठ मैलांच्या वेगाला शेपटी हलवायला लागतो आणि तो डोलारा ब्रेक मारून थांबत नाही, वाढतो. म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी, जड डबे चाकांच्या थोडे पुढे. सायकली मागे टांगू नका.

विजेचं काम स्वतः करता येईल?

१२ व्होल्टचं, हो. फ्यूज प्रत्येक तारेला, तारा जाड, दिवे एलईडी. १२० व्होल्टच्या कामात हात बसलेला नसेल तर माहीतगाराला बोलवा आणि तो काय करतो ते शेजारी उभं राहून बघा, कारण घरांची कामं करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला ट्रेलरच्या दोन गोष्टी ठाऊक असतीलच असं नाही.

पहिली: ट्रेलरचा ३० अँपिअरचा तीन पायांचा प्लग १२० व्होल्टचा असतो. दिसायला तो कपडे वाळवायच्या यंत्राच्या जुन्या प्लगसारखा दिसतो, म्हणून गॅरेजमध्ये त्याच्यासाठी सॉकेट बसवताना चुकून २४० व्होल्ट जोडले जातात. आपल्यासारख्या २३० व्होल्टच्या देशातून आलेल्यांना त्यात काही वावगंही वाटत नाही. बटण दाबलं की आतलं सगळं जळतं.

दुसरी: घराच्या मुख्य पेटीत न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडतात, ट्रेलरच्या पेटीत ते वेगळेच ठेवायचे. एकत्र केले तर एखादे दिवशी अख्खा पत्रा जिवंत होतो आणि ओल्या गवतावर उभं राहून दाराला हात लावणाऱ्याला झटका बसतो.

तारांच्या रंगांनीही फसायला होतं. ट्रेलरच्या १२ व्होल्टमध्ये काळी धन आणि पांढरी ऋण. १२० मध्येही काळी-पांढरीच. दोन्ही एकाच भिंतीत. आम्ही १२ व्होल्टच्या तारांना दर फुटावर लाल टेप गुंडाळली.

आणि गॅस?

गॅसवर उधारी नाही. जुना रेग्युलेटर आणि रबरी नळी न तपासता फेकून द्या, नवी जोडी पन्नास-साठ डॉलरला येते. त्रिकोणी मुठीची झडप नसलेला जुना सिलिंडर २००२ पासून कुणी भरून देत नाही, तोही गेला. तांब्याची नळी पिचलेली नसेल तर राहू द्या, पण प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. मग एकदा जाणकाराकडून दाब तपासून घ्या; उपकरणांना पाण्याच्या ११ इंच स्तंभाएवढा, म्हणजे फारच थोडा दाब लागतो, आणि तो डोळ्यांनी कळत नाही. या सगळ्यातली ही एकमेव मजुरी, जी आम्ही तक्रार न करता दिली.

प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर साचतो. म्हणून त्याचा अलार्म घोट्याच्या उंचीवर. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, धुराचा वेगळा, दारापाशी अग्निशामक. धूर बाहेर न सोडणारा जुना गॅस हीटर असेल तर तो काढून टाका, कितीही गोंडस दिसला तरी.

जुना फ्रिज चालू होईल का?

या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. ज्योतीच्या उष्णतेवर अमोनिया फिरतो आणि गारवा होतो. ट्रेलर सपाट उभा नसला की तो फिरायचा थांबतो. मागे पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर विषय संपला. आम्ही त्याच्या दारामागे कप्पे केले, मसाल्याचे डबे तिथे राहतात, आणि बर्फाची पेटी बरोबर नेतो.

पाणी, संडास?

पहिल्या वर्षी काहीच करू नका. वीस लिटरचा नळाचा कॅन आणि खाली बादली. कॅम्पग्राउंडवर न्हाणीघरं असतात. नळ टाकलेच, तर थंडीआधी त्यांत गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ, म्हणजे गोठण्यापासून वाचवणारं ट्रेलरसाठीचं द्रव, भरायला विसरू नका. गाडीतलं हिरवं विषारी असतं, ते नाही.

जुना रंग, जुन्या फरश्या घासून काढायच्या का?

कोरड्या घासू नका. घरांच्या रंगात शिसं वापरायला अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली. तुमचा ट्रेलर बहुधा त्याच्या आधीचा. हार्डवेअरच्या दुकानात तपासणीची कांडी मिळते. जुन्या फरशांत, त्यांच्या गोंदात आणि हीटरमागच्या पांढऱ्या तक्त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. घट्ट असेल तर वरून नवी जमीन टाका. घरात लहान मूल असेल तर या बाबतीत काटकसर करायची नाही.

स्वस्त सामान कुठे मिळतं?

मिडवेस्टमध्ये असाल तर इंडियानातल्या एल्खार्टला एक शनिवार काढा. देशातल्या ट्रेलर कारखान्यांचं ते माहेरघर, आणि कारखान्यांतून उरलेल्या मालाची दुकानं आजूबाजूला आहेत. आम्ही तिथून खिडक्यांचं रबर, दिवे, कुलपं वजनावर घेतल्यासारखी आणली. तिथे ट्रेलरांचं संग्रहालयही आहे. मुलांना त्या निमित्ताने नेता येतं.

हॅबिटॅट या संस्थेच्या रीस्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या-उरलेल्या सामानाच्या दुकानात, प्लायवुड, बिजागऱ्या, सिंक. फेसबुक मार्केटप्लेसवर ‘फुकट, घेऊन जा’ म्हणून दिलेला, झाडाखाली चिरडलेला दुसरा ट्रेलर मिळाला तर त्याच्या खिडक्या आणि दार काढून घ्या. पडदे माझ्या आईच्या जुन्या इरकलींचे आहेत. त्यांचे पैसे हिशेबात धरलेले नाहीत.

आत फोडणी देता येते?

येते, एकदाच. त्यानंतर गाद्या, पडदे आणि नवरा पुढचे दोन प्रवास हिंगाचा वास देतात. बाहेर टेबल मांडून शेगडी लावा. आत फक्त चहा.

कॅम्पग्राउंडवाले इतका जुना ट्रेलर घेतात का?

काही खासगी पार्कांत दहा वर्षांपेक्षा जुनं चालत नाही असा नियम असतो. फोटो पाठवला तर बरेचदा सूट मिळते. राज्यांच्या उद्यानांत आम्हाला हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. उलट लोक आत डोकावायला येतात.

हेच भारतात करता येईल का?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते मुख्यतः परवाना असलेल्या वाहनांसाठी आणि ती उभी करायच्या जागांसाठी आहे. घरी जुन्या गाडीचं रूप पालटायचं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आधी आरटीओ, मग करवत.

विकला तर पैसे सुटतात?

साहित्याचे कदाचित. शनिवारांचे नाही.

काम पूर्ण झालं हे कसं ओळखायचं?

बागेची नळी घ्या. एकाने बाहेरून पाणी मारायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. खालच्या पट्टीपासून सुरुवात करून हळूहळू वर. एका खिडकीवर दहा मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि चोर सापडत नाही.

आम्ही केलं तेव्हा बाबा आत होते. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून, त्यांवर मांडी घालून, हातात चहा. चाळीस मिनिटं काही नाही. मग आतून भिंतीवर दोन टकटक. मागच्या डाव्या दिव्याखाली रुपयाएवढा डाग उमटला होता. दिवा काढला, टेप बदलली, पुन्हा नळी, पुन्हा चाळीस मिनिटं. संध्याकाळी बाबांनी सगळे कागद एकेक करून उजेडात धरून पाहिले, घड्या घातल्या आणि विचारलं, “अगं, उद्या पाऊस सांगितलाय का?”